सरांचं बोट

गंगापूरच्या शाळेत भूगोल शिकवणारे बुद्धभूषण हिवाळे सर त्या रविवारी शहरात पैठण गेटपाशी रिक्षातून उतरले, ते उजवा हात पँटच्या खिशात घालूनच. रिक्षावाल्याला पैसे दिले तेही डाव्या हातानं, वाकडंतिकडं होऊन खिसे चाचपत. सुलेखा समोरच्या टपरीच्या सावलीत उभी राहून हे बघत होती. एप्रिलचं ऊन, डांबर चपलेतून चटका देतंय, आणि हा माणूस महाबळेश्वरला आल्यासारखा खिशात हात घालून चाललाय.

"सर, थंडी वाजतेय का?"

"नाही. का?"

"काही नाही. म्हटलं, शाल आणायला पाहिजे होती."

सर हसले, पण हात काही बाहेर आला नाही.

सुलेखा दाभाडे शहरातल्या सरकारी घाटी दवाखान्यात सिस्टर होती. वडिलांचं आजारपण आणि दोन भावांची शिक्षणं उरकता उरकता तिची चाळिशी कधी उलटली ते तिलाही कळलं नव्हतं. लग्नाचा विषय निघाला की ती म्हणायची, माझ्या वॉर्डात एवढी माणसं झोपतात, घरी अजून एक कशाला? मग सरांची आई, गीताबाई, खुब्याचं हाड मोडून तिच्या वॉर्डात आली. म्हातारी गोळ्या गादीखाली लपवायची. सुलेखानं एक दिवस गादी उचलून सगळ्या गोळ्या बाहेर काढल्या आणि अशी काही झापली, की शेजारच्या खाटांवरच्या बायांनीही आपापल्या गोळ्या मुकाट्यानं गिळल्या. घरी जाताना गीताबाई लेकाला म्हणाली, "ही बाई लई वरडती. पर कुणाला वरडायचं ते तिला कळतं. तुला कुणीतरी वरडायला पायजेच हाय, भूषण."

सरांना हे बोलणं पचायला बरेच महिने लागले. आईचे रिपोर्ट दाखवायच्या निमित्तानं ते मोसंबी घेऊन वॉर्डात येऊ लागले. रिपोर्ट संपले तरी मोसंबी संपेनात. शेवटी पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारी त्यांची लेक, निशा, वैतागून म्हणाली, "पप्पा, तुम्ही विचारता का मीच फोन लावू?" तेव्हा कुठं सरांनी विचारलं. आता मे महिन्यात हडकोतल्या विहारात लग्न ठरलं होतं. नवरदेवाची अंगठी मुलीकडून असते म्हणून सुलेखाचे भाऊ पुढं सरसावले, तर ती म्हणाली, "नवरा माझा, अंगठीही माझीच. तुम्ही जेवायला या."

सगळं सरळ होतं. फक्त सरांच्या उजव्या हाताच्या अनामिकेत आधीपासून एक अंगठी होती.

पातळ, साधी, घासून घासून कडा बोथट झालेली. विमलची. विमल, म्हणजे सरांची पहिली बायको, निशा आठवीत असताना आजारानं गेली. तेव्हापासून काही विचार करायचा असला, की सर अंगठ्यानं ती अंगठी आतल्या आत फिरवायचे. सुलेखानं हे पहिल्या मोसंबीपासून पाहिलेलं. ती सरांना सगळ्यावरून चिडवायची, त्यांच्या बाह्या दुमडायच्या पद्धतीवरून, जेवताना पानात वरणाची गोदावरी काढून दाखवायच्या सवयीवरून. अंगठीचं मात्र कधी नाव काढलं नव्हतं. आणि मागच्या आठवड्यात फोनवर, खरेदीचं ठरताना, तोंडातून निसटलंच. "अंगठी घेऊ हो सर, पण घालणार कुठं? तुमचं बोट तर आधीच बुक आहे."

सर एवढंच म्हणाले, "बघू."

फोन ठेवल्यावर सुलेखानं जीभ चावली. आठवडाभर इंजेक्शनं देताना, चार्ट भरताना तो 'बघू' तिच्या कानात वाजत राहिला. बघू म्हणजे काय? काढणार? नाही काढणार? आणि आपल्याला नेमकं काय हवंय, हेही तिला धड सांगता आलं नसतं.

सराफ्यात मोतीरामशेठचं दुकान छोटंसं होतं. सुलेखाच्या आईचे मणी त्यांच्याकडचेच, त्यामुळं ओळख जुनी. शेठनी पंखा वाढवला, पाण्याचे ग्लास पुढं केले.

"बोला ताई. काय दाखवू?"

"पुरुषाची अंगठी. लग्नातली."

"वा वा!" शेठनी सरांकडं बघितलं. पिकलेल्या मिशा, चष्मा. "मुलाचं लग्न का, साहेब?"

सर पाणी पिताना थांबले.

"मुलगा हाच," सुलेखा म्हणाली.

मोतीरामशेठ धंद्यात मुरलेला माणूस. डोळ्याची पापणी न हलवता ते म्हणाले, "मग तर अजून भारी. आपल्याला पसंती विचारायला दुसरीकडं फोन नको लावायला." आणि मापाच्या कड्यांचा जुडगा काढला. "द्या हात."

सरांनी डावा हात पुढं केला.

"उजवा, साहेब. लग्नाची अंगठी उजव्यात."

"डाव्यात नाही का चालत? आजकाल लोक घालतात."

"सर," सुलेखा म्हणाली. आवाज वॉर्डातला होता. "हात बाहेर काढा."

हात बाहेर आला. अनामिका लालबुंद, पेरापाशी टम्म फुगलेली, आणि त्या सुजेच्या खाली, खोल रुतून बसलेली ती पातळ अंगठी.

"हे काय करून घेतलंत?"

"काही नाही. काल जरा साबण लावला होता."

"जरा?"

"मग खोबरेल. मग आई म्हणाली, तूप लाव."

"तुपानं बोट असं होत नाही."

सर जमिनीकडं बघत म्हणाले, "मग पकड घेतली."

"पकड!"

"हळूच. आईनं मनगट धरलं होतं."

मोतीरामशेठ तोंडावर रुमाल धरून खोकल्यासारखं करू लागले. सुलेखाच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. गंगापूरच्या त्या ओसरीत नव्यानं चालायला लागलेली म्हातारी लेकाचं मनगट धरून बसलीय, आणि लेक स्वतःचंच बोट उपटतोय.

"अहो, दोघं मिळून एका बोटाच्या मागं का लागलात?"

सर हळू आवाजात म्हणाले, "तुमच्यासमोर काढायला नको वाटलं. म्हटलं, मोकळा हात घेऊनच यावं."

आठवडाभर छळणाऱ्या त्या 'बघू'चा अर्थ हा होता तर. तिला काहीतरी चांगलं, मऊ बोलायचं होतं. घशापर्यंत आलंही होतं. पण तोंडातून निघालं ते असं, "आणि मोकळ्या हाताच्या नादात वांगं घेऊन आलात."

सर हसले. तेवढ्यानं त्यांचे खांदे जरा खाली आले.

"टेन्शन नका घेऊ," शेठ म्हणाले. "आपल्याकडं कटर आहे. एका मिनटात काटून देतो. नंतर पुन्हा जोडली तर कुणाला कळणार बी नाही." आणि गल्ल्याखालून चिमट्यासारखं एक हत्यार काढून त्यांनी काचेवर ठेवलं.

सरांनी त्याच्याकडं पाहिलं. "कापा," ते म्हणाले. जरा जास्तच पटकन म्हणाले. सुलेखाचं लक्ष त्यांच्या अंगठ्याकडं होतं. अंगठा सवयीनं अंगठीपाशी गेला होता, पण अंगठी फिरत नव्हती.

"कापायची नाही," ती म्हणाली.

"असू द्या, सुलेखा. अंगठीच आहे."

"सर, मी दवाखान्यात अशा कितीतरी काढल्यात. भांडणात बोट सुजलेल्यांच्या, भाजलेल्यांच्या, दिवस भरलेल्या बायांच्या. कापायची ती जिवावर बेतलं तर. तुमच्या जिवावर काही बेतलेलं नाही, तोंड तेवढं तसं केलंय. बसा. हात वर करा."

"वर?"

"वर. डोक्याच्या वर. सूज उतरू द्या."

ती शेजारच्या रसवंतीतून रुमालात बर्फ बांधून घेऊन आली, तर सर स्टुलावर ताठ बसलेले आणि उजवा हात सरळ आभाळाकडं. तिनं बर्फ बोटाला बांधला. थंड पाणी कोपरावरून ओघळून शर्टाच्या बाहीत शिरलं, सर शहारले.

तेवढ्यात एक बाई जोडवी घ्यायला आत आल्या. सरांकडं बघून दचकल्या. "काय झालं हो यांना?"

"काही नाही हो," सुलेखा म्हणाली. "सरांना उत्तर येतंय, पण कुणी विचारतच नाही."

बाईंनी जोडवी न बघताच आधी मनसोक्त हसून घेतलं. सरांचे कान लाल झाले.

"खाली घेऊ का आता?"

"नाही. वर्गात पोरांना किती वेळ हात वर करून उभं करता?"

"मी पोरांना शिक्षा करत नाही."

"म्हणूनच तुम्हाला अंदाज नाही."

वेळ जावा म्हणून शेठनी पुरुषांच्या अंगठ्यांचा मखमली ट्रे समोर ठेवला. त्यात सगळंच होतं. लाल खड्याची होती, घोड्याच्या नालेची होती, आणि एक तर सिंहाच्या तोंडाची, डोळ्यांत दोन हिरवे ठिपके.

"ही घ्या सर. फळ्यावर लिहिताना पोरं नुसती बघत राहतील."

"चांगलंच आहे. तेवढंच लक्ष फळ्याकडं राहील," सर हात वर ठेवूनच म्हणाले. "पण आई हा सिंह बघून मला घरात घेणार नाही."

"तुमची आई माझ्या बाजूची आहे."

"ते मला माहीत आहे. कालही तिनं मनगट फार जोरात धरलं होतं."

सूज थोडी उतरल्यावर सुलेखानं शेठकडून मणी ओवायचा रेशमी दोरा मागून घेतला. चिमट्यानं दोऱ्याचं एक टोक अंगठीच्या खालून हाताकडं काढलं आणि उरलेला दोरा अंगठीला लागून, वेढ्याशेजारी वेढा, घट्ट गुंडाळत पेराच्या वरपर्यंत नेला. बोट सुती काडवातीसारखं दिसायला लागलं. आता सगळे त्या बोटाकडंच बघत होते. जोडवीवाल्या बाईसुद्धा.

"दुखलं तर सांगा."

"नाही दुखत."

"खोटं बोलू नका. पायाची बोटं आवळलीत तुम्ही."

मग तिनं खालचं टोक धरलं आणि हळूहळू वेढे सोडवायला लागली. एक वेढा सुटला की अंगठी तेवढीच वर सरके. पेरापाशी येऊन अडली. सरांनी डोळे मिटले. सुलेखानं घाई केली नाही. रोगी कुणीही असो, तिची बोटं अशा वेळी स्वतःहून शांत व्हायची. आपण काय काढतोय हे तिला ठाऊक होतं. अजून एक वेढा, अजून एक, आणि अंगठी पेर ओलांडून तिच्या तळहातावर पडली.

कोमट होती. वजन असं काहीच नाही. विमलला तिनं भिंतीवरच्या फोटोतच पाहिलेलं, सडपातळ, कपाळावर केस ओढून बांधलेली. तिची एखादी वस्तू हातात यायची ही पहिलीच वेळ. ती कुठं ठेवावी हे सुलेखाला कळेना. समोर ट्रे होता, पण त्यात विकायचा माल. काचेवर कटर पडलेला. तिनं मूठ मिटून घेतली आणि तशीच बसून राहिली.

सर आपल्या बोटाकडं बघत होते. अंगठीच्या जागी पांढरीफटक खाच पडली होती.

शेठनी सवयीनं काटा पुढं ओढला. "मोडीत घालायची ना? जुनं सोनं बावनकशी असतं, नव्यात वळती करून..."

सरांचा अंगठा सवयीनं त्या रिकाम्या खाचेवर गेला.

"शेठ, काटा आत ठेवा," सुलेखा म्हणाली. तिनं सरांचा डावा हात ओढून घेतला, अंगठी त्यात ठेवली आणि त्यांची बोटं एकेक करून मिटवली. "सांभाळा. हरवली तर मी निशाला तोंड दाखवणार नाही."

सरांनी चष्म्याचं घर काढलं, अंगठी आतल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. मग घर मिटून थोडा वेळ हातातच धरून बसले.

"तुम्हाला चालेल ना?" त्यांनी विचारलं. "ही घरात राहिलेली."

"सर, तुमच्या घरात तुमची आई आहे. तीन कपाटं पुस्तकं आहेत. आफ्रिका गळून पडलेला पृथ्वीचा गोल आहे, तो टाकू देत नाही तुम्ही. एवढ्यात एक अंगठी मला जड होणारेय का?"

चेष्टेत म्हणाली खरी, पण बोलता बोलता तिच्याच लक्षात आलं की हे अगदी खरं आहे. आठवडाभराचं ओझं कधी उतरलं, ते तिला कळलंही नव्हतं.

इतक्यात निशाचा व्हिडिओ कॉल आला. "पप्पा, घेतली का? दाखवा ना!"

सरांनी हात कॅमेऱ्यासमोर धरला. निशा एकदम थांबली.

"निघाली?"

"निघाली. सुलेखा मावशीनं काढली."

"कापली?"

"नाही गं. अख्खी आहे."

निशानं मान वळवली, नाक ओढल्याचा आवाज आला. मग पुन्हा समोर येऊन म्हणाली, "ई, बोट बघा किती पांढरं पडलंय. पालीच्या पोटासारखं." आणि लगेच, "मोडू नका हां ती. आणि मला पण देऊ नका. मी हरवीन. तुमच्याकडंच असू द्या."

"बरं."

"मावशी, तो मागं सिंह दिसतोय का? तोच घ्या!"

सगळं दुकान हसलं.

मग खऱ्या अर्थानं निवड सुरू झाली. सरांनी दोन-तीन ट्रे बघितले आणि एक उचलून म्हणाले, "ही बरी आहे." पातळ, साधी, गोल कडांची. सुलेखानं बघितली आणि बोलावं की नाही असा क्षणभर विचार केला.

"सर, ही तीच आहे."

सरांनी अंगठी डोळ्यांजवळ नेली. चेहरा उतरला. "हो की. माझ्या लक्षातच नाही आलं. अंगठी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं..."

"कळलं मला. रागावले नाही." तिनं ती अंगठी त्यांच्या हातातून काढून परत ट्रेमध्ये ठेवली. "पण माझ्याकडं बघा जरा. मी पातळ दिसते का कुठून? माझ्या नावाची अंगठी माझ्यासारखी पाहिजे. रुंद. हातात आहे हे हाताला कळलं पाहिजे." आणि तिनं चांगली भरीव, वरून सपाट, मधोमध एकच बारीक रेघ असलेली अंगठी उचलून काचेवर ठेवली.

सरांनी ती उलटसुलट करून पाहिली. "ही ट्रॅक्टरच्या नटासारखी आहे."

"नटच आहे. घट्ट बसणारा."

"आटे झिजले तर?"

"मी आहे ना पाना घेऊन."

सर इतके मोठ्यानं हसले, की जोडवीवाल्या बाईंनी वळून बघितलं. "हीच घ्या," त्या म्हणाल्या, जणू त्यांनाही विचारलं होतं.

शेठनी पुन्हा मापाची कडी पुढं केली आणि बोटाकडं बघून मान हलवली. "सूज हाय अजून. आज माप घेतलं तर लग्नात ढिली होईल. पुढच्या रविवारी या."

"पुन्हा यावं लागेल?" सर म्हणाले.

"यावं लागेल," सुलेखा म्हणाली. दोघांनाही त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

बाहेर पडताना सरांनी दारातच थांबून विचारलं, "त्याच बोटात घालू, का दुसऱ्या?"

हा प्रश्न सुलेखाच्या मनात नव्हता असं नाही. तिनं त्या पांढऱ्या खाचेकडं पाहिलं. ऊन लागून ती अजूनच उजळ दिसत होती.

"त्याच," ती म्हणाली. "तिथं जागा तयार आहे. दुसरीकडं नव्यानं खाच पाडत बसायला आता कुणाला वेळ आहे?"

रस्ता ओलांडताना सरांनी तिचं कोपर धरलं. गंगापूरच्या मास्तरानं भर सराफ्यात एवढं करणं म्हणजे पुष्कळ होतं.

पुढच्या रविवारी सर आले ते आईला घेऊन. गीताबाई काठी टेकत दुकानात शिरली, स्टुलावर बसली आणि तिनं लेकाचं बोट, मग अंगठी, मग पुन्हा बोट बारकाईनं बघितलं.

"व्हय, चांगली जड हाय," ती म्हणाली. "आता पकडीनं बी निघायची नाय." मग तिनं इकडंतिकडं पाहिलं. "आन् हिची कुठंय?"

"कुणाची?" सरांनी विचारलं.

"हिची रं. सुलेखाची. तुला अंगठी, आन् तिला काय?"

सर आणि सुलेखा एकमेकांकडं बघत राहिले. मागचा सगळा रविवार, सगळे ट्रे, सगळी बडबड, आणि नवरीच्या अंगठीचा विषय दोघांच्याही डोक्यात आला नव्हता. सुलेखाच्या तर मुळीच नाही. आयुष्यभर तिनं खरेदी केली ती दुसऱ्यांसाठीच, आणि याही वेळी ती त्याच सवयीनं दुकानात शिरली होती.

"मला कशाला?" ती म्हणाली. "वॉर्डात हातमोजे घालावे लागतात. उगाच अडकेल..."

"गप बस," गीताबाई म्हणाली. "दवाखान्यात तू मला गप करती, इथं मी तुला करीन. शेठ, काढा बायकांच्या."

ट्रे समोर आला. सुलेखानं हात पुढं केला, पण या वेळी तिला एकही चेष्टा सुचली नाही. सरांनी चष्मा नाकावर नीट बसवला, ट्रेवर वाकले आणि एकेक अंगठी तिच्या बोटापाशी धरून बघायला लागले. घाई नव्हती त्यांना. पानाची नक्षी असलेली एक अंगठी त्यांनी दोनदा बाजूला ठेवली आणि दोनदा परत उचलली.

"ही," ते शेवटी म्हणाले. "ही तुझी."

ते पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणाले होते. गीताबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, शेठ वहीत डोकं घालून बसले. सुलेखा अंगठीकडं बघत होती. ती एवढंच म्हणाली, "छान आहे," आणि हात तसाच सरांच्या हातात राहू दिला.